पिल्लू काय खातं?

हूडेड सीलचं पिल्लू आईचं दूध पितं ते फक्त चार दिवस. उत्तर अटलांटिकच्या तरंगत्या बर्फावर ते जन्मतं तेव्हा पंचवीसेक किलोचं असतं आणि चार दिवसांत जवळजवळ दुप्पट होतं. आईच्या दुधात ६० टक्क्यांच्या आसपास चरबी असते. आपल्याकडं म्हशीच्या दुधाला ७ लागली तर डेअरीवरचा माणूस दोनदा तपासून बघतो. चौथा दिवस सरला की आई पाण्यात जाते, परत येत नाही. पोहायचं कसं, मासा धरायचा कसा, यातलं काहीही तिनं दाखवलेलं नसतं.

ग्रे सीलचं त्या मानानं बरं म्हणायचं. स्कॉटलंडच्या बेटांवर थंडीच्या तोंडाशी त्यांची पिल्लं जन्मतात, अंगभर पांढरी लांब लव घेऊन. अडीच आठवड्यांच्या आसपास त्यांना दूध मिळतं. त्या काळात आई स्वतः खात नाही. तिचं वजन तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरतं आणि पिल्लू रोज दीड-दोन किलोंनी भरत जातं. मग तीही निघून जाते. पिल्लू तिथंच खडकावर पडून राहतं. आठवडा, दोन आठवडे, कधी महिनाभर, उपाशी. पांढरी लव झडते, खालून आखूड करडे केस येतात. आसपास जे दिसेल ते, शेवाळ असो की दगड, तोंडात घालून बघतं. आणि एक दिवस पाण्यात उतरतं. कॅलिफोर्नियातल्या एलिफंट सीलची पिल्लं तर दूध तुटल्यावर दोन-अडीच महिने काहीही खात नाहीत. उथळ पाण्यात डुंबतात, रात्री पोहायचा सराव करतात, अंगावरचं वजन जाळत बसतात.

इथपर्यंत सगळं किनाऱ्यावर बसून दुर्बिणीतून दिसतं. यापुढचं दिसत नाही. पाण्यात उतरलेलं ते पिल्लू पहिला घास कशाचा घेतं?

माझी भाची सध्या स्कॉटलंडमध्ये याच उद्योगात आहे. रविवारी आमची जेवणं उरकली की तिचा फोन येतो. तिची सकाळ असते. ताई, म्हणजे तिची आई, भिशीतल्या बायकांना 'समुद्रावर संशोधन करते' एवढंच सांगते. पोरगी दिवसभर सीलची विष्ठा चाळणीत धुते, हे भिशीत सांगण्यासारखं तिला वाटत नाही. मला मात्र तिचं कौतुक वाटतं, कारण हे काम मी केलेलं आहे. सीलवर नाही, लांडग्यावर.

सोलापूरच्या उत्तरेला बार्शी रस्त्यावर नान्नज आहे. १९७९ साली तिथं माळढोक अभयारण्य झालं. माळढोकासाठी माणसं दुर्बिणी घेऊन यायची आणि काळवीट बघून परत जायची. लांडगा क्वचित कुणाला दिसायचा. सतीश कुमार आणि असद रहमानी यांनी १९९० च्या दशकात याच माळरानावर लांडग्यांचा अभ्यास केला. ते काळविटांवर किती जगतात, गुराढोरांवर किती, यावर त्यांचे शोधनिबंध आहेत. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला नुकती लागले होते. त्यांच्या कामाशी माझा संबंध नव्हता, पण त्या वाचनातूनच आम्ही दोघी-तिघी शिक्षिका आणि काही उत्साही पोरं आमच्यापुरता एक छोटा प्रकल्प करू लागलो. लांडगा पायवाटेवर, त्यातही दोन वाटा मिळतात त्या ठिकाणी, विष्ठा टाकून जातो. सकाळी ऊन चढायच्या आत जायचं, कागदी पिशवीत भरायची, पिशवीवर तारीख आणि जागा लिहायची.

पुढचं काम आमच्या गच्चीवर. वाळवायची, मग बारीक चाळणीत घालून नळाखाली धरायची. पाणी आधी काळपट जातं, मग राखाडी, मग स्वच्छ. चाळणीत उरतो केसांचा गुंता, हाडांचे कण, कधी खुराचा तुकडा. खरी साक्ष केसांची. काचेच्या पट्टीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, त्यावर केस आडवा ठेवायचा, थर सुकत आला की चिमट्यानं अलगद उचलायचा. केस निघून येतो आणि त्याच्यावरच्या खवल्यांचा ठसा मागं राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो ठसा आणि केसाच्या आतला गर बघून जनावर ओळखायचं. काळविटाच्या केसात गराचा भाग रुंद असतो, जाळीदार. ससा वेगळा, शेळी वेगळी, मेंढी वेगळी. सासूबाईंनी त्या काळात गच्चीवर पापड घालणं बंद केलं होतं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

माळावर एका धनगरानं विचारलं होतं, "बाई, लांडग्याचा गू कशाला गोळा करलालाव?"

"त्यानं काय खाल्लं ते बघायला."

"त्यात काय बघायचंय? माझं कोकरू खाल्लं की."

चाळणीत मेंढीचे केस निघाले म्हणजे लांडग्यानं मेंढी खाल्ली, एवढं नक्की. मारली का, ते केस सांगत नाही. मेलेली मेंढी गावाबाहेर टाकलेली असते, लांडगा ती खातो. चाळणीत दोन्हींचे केस सारखेच निघतात. हे मी त्याला समजावून सांगायला गेले. त्यानं ऐकून घेतलं आणि वाघरीच्या, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या कुंपणाच्या, जाळ्याला पडलेलं भोक दाखवलं. त्याचा हिशोब भोकाचा होता, माझा केसांचा.

तरी लांडग्याच्या पिल्लांचं काम सोपं म्हणावं लागेल. ती हिवाळ्यात जन्मतात, तीन-चार आठवड्यांची झाली की मोठ्यांच्या तोंडाला तोंड लावतात आणि मोठे लांडगे पोटातलं मांस त्यांच्यापुढं ओकतात. म्हणजे पिल्लाचं पहिलं अन्न आई-बापाच्या पोटातून येतं. गुहेच्या तोंडाशी पिल्लांची बारकी विष्ठा सापडते, आकारावरून ओळखू येते. कुणाची, कुठली, साधारण किती वयाच्या जिवाची, एवढी माहिती ती जागाच देऊन टाकते.

सीलच्या विष्ठेला असा पत्ता नसतो. खडकावर शंभर जनावरं पहुडलेली असतात, माणूस दिसला की धबाधब पाण्यात उड्या घेतात, आणि मागं जे उरतं ते कुणाचं हे समजायला मार्ग नाही. जनुकीय तपासणीतून नर की मादी ते कळतं. वय कळत नाही. शिवाय खडकावर सापडते ती गेल्या दिवसा-दोन दिवसांच्या जेवणाची शिल्लक. दूर समुद्रात जे खाल्लं ते समुद्रातच पडलं. आणि दूध तोडून निघालेली पिल्लं आठवडेच्या आठवडे किनाऱ्याला लागत नाहीत.

तरीही सुरुवात चाळणीनंच होते. भाचीच्या चाळणीत केसांऐवजी निघतात माशांच्या कानातले खडे. शास्त्रात त्याला ओटोलिथ म्हणतात. हाडाच्या माशांच्या डोक्यात, मेंदूच्या दोन्ही बाजूंना मिळून, खड्यांच्या तीन जोड्या असतात. तोल सांभाळायला आणि ऐकायला मासा त्या वापरतो. त्या खड्यांची घडण जातीगणिक वेगळी. खड्याच्या मापावरून मासा किती लांबीचा होता ते काढता येतं, त्यावरून वजन काढता येतं, आणि खडा घासून बघितला तर आतल्या वर्तुळांवरून माशाचं वयसुद्धा. सगळा मासा पचून गेला तरी हे तीन-चार मिलिमीटर एखाद्या वेळी वाचतात.

ती फोनवर हे सांगत होती आणि माझा हात शिवशिवायला लागला. आमच्या घरात मासे चालत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडं दर आठवड्याला उजनीची चिलापी येते. त्यांना म्हटलं, डोकी टाकू नका, मला द्या. त्यांनी काही न विचारता दिली. शिक्षकांबद्दल लोकांचं असं एक मत असतंच. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसले. चिलापीचं डोकं वरून उभं चिरायचं, मेंदूचा मऊ भाग चिमट्यानं बाजूला सारायचा, आणि कवटीच्या तळाशी दोन्हीकडं एकेक पातळ पिशवी दिसते, तिच्यात खडा. हात स्थिर नसेल तर मोडतो. पहिल्या डोक्यातला मोडलाच. नंतरचे सुटे निघाले: पांढरे, चपटे, एका बाजूनं किंचित फुगीर, कडेला बारीक दंतुर नक्षी, आणि मधून जाणारी एक खाच. भिंगाखाली ती खाच इतकी रेखीव दिसते की पाठ केली तर पुन्हा कुठंही ओळखू यावी. आफ्रिकेतून आलेला हा मासा भीमेच्या पाण्यात असा मुरलाय की आता लोक त्याला उजनीचाच म्हणतात. कानात मात्र आपल्या जातीची खूण जपून आहे.

मग एका डबीत साधं पाणी घेतलं, दुसरीत व्हिनेगर, आणि जोडीतला एकेक खडा टाकला. खडा कॅल्शियम कार्बोनेटचा. व्हिनेगरमध्ये पडल्या पडल्या त्याच्या कडेला बारीक बुडबुडे चिकटले, सुटून वर आले, नवे चिकटले. दिवे लागायच्या वेळेला नक्षी गेली होती. सकाळी खाच पुसट झाली होती आणि खडा उघड उघड लहान दिसत होता. पाण्यातला तसाच्या तसा. व्हिनेगरवाला नुसता हाती दिला असता तर मी म्हटलं असतं, बारक्या चिलापीचा दिसतो.

सीलच्या पोटात हेच होतं, व्हिनेगरपेक्षा कडक आम्लात. त्यामुळं चाळणीत सापडलेल्या खड्यावरून मासा मोजला तर तो खऱ्यापेक्षा लहान येतो. कित्येक खडे तर पूर्णच विरघळतात. हेरिंगसारख्या माशांचे खडे नाजूक, ते बहुतांशी जातात. कॉडच्या कुळातले दणकट, ते तग धरतात. उलट माखलीची चोच पोटात दिवसेंदिवस अडकून राहते, त्यामुळं माखली खऱ्यापेक्षा जास्त खाल्ल्यासारखी दिसते. मोठा मासा असेल तर सील कधी कधी डोकं टाकून धडच खातो, मग खडा पोटात जातच नाही. यावर तोड म्हणून पाळलेल्या सीलना मोजून मासे खायला घालतात आणि त्यांची सगळी विष्ठा धुऊन किती खडे परत मिळाले ते मोजतात. शंभर घातले, किती निघाले, ते कितपत झिजले, यावरून प्रत्येक जातीसाठी दुरुस्तीचा आकडा ठरतो. मला या शास्त्रातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. पुरावा खोटं बोलतो हे मान्य करायचं, आणि तो किती खोटं बोलतो ते मोजून काढायचं.

पण हे आकडे मोठ्यांच्या जेवणाला लागू पडतात. पिल्लाचं जेवण मुळातच बारीक. कोवळ्या वयात लांबवर बुडी मारता येत नाही, श्वास पुरत नाही, चपळ मोठा मासा हाती लागत नाही. हार्प सीलची पिल्लं सुरुवातीला क्रिल आणि तसल्याच कवचधारी बारक्या जिवांवर भागवतात. हार्बर सीलची पिल्लं कोळंबीवर. कोळंबीच्या कानात खडा नसतो. तिचं पातळ कवच चुरा होऊन निघतं. जो सगळ्यात लहान, त्याचं खाणं सगळ्यात कमी खुणा ठेवतं. आणि वर्षभरात मरायचा धोकाही त्यालाच जास्त.

बारक्या घासांना आपण किती कमी लेखतो याचं बायकालइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. बायकाल हे सैबेरियातलं गोड्या पाण्याचं सरोवर, जगातलं सगळ्यात खोल, १,६४२ मीटर. समुद्र तिथून हजारो किलोमीटर लांब, आणि तरी तिथं सील आहेत, फक्त गोड्या पाण्यात राहणारे. ते मासे खातात असं सगळे धरून चालले होते, आणि खातातही. जपानी शास्त्रज्ञ युकी वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सीलच्या पाठीवर कॅमेरे आणि हालचाल टिपणारी यंत्रं बसवली आणि २०२० साली निष्कर्ष छापले. रात्री पाण्यात वर येणारे, इंचापेक्षा लहान अ‍ॅम्फिपॉड, म्हणजे कोळंबीसारखे बारके कवचधारी जीव, हे सील एकेक करून टिपत होते. एका बुडीत सरासरी ५७, दिवसाकाठी हजारोंनी. त्यांच्या दाढांना जे दाते असतात ते पाणी बाहेर सोडून असले जीव अडवायला उपयोगी पडतात. दात कवटीत आधीपासून होते, संग्रहालयांत कवट्या होत्या, बघणारेही होते. विष्ठेत मात्र एवढ्याशा जिवाची म्हणावी तशी नोंद लागत नव्हती.

इथं थोडं विषयांतर करते. मध्यंतरी आमच्या मुलींना घेऊन शहराच्या पूर्वेकडच्या एका वस्तीत लहान मुलांच्या आहाराची पाहणी करायला गेले होते. घरोघरी बायका विड्या वळत बसलेल्या. पाहणीचा प्रश्न साधा: काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळानं काय काय खाल्लं? एकीनं सुपातून नजर न काढता सांगितलं, "सकाळी चहा-बटर, दुपारी भात, रात्री भाकरी कुस्करून दुधात." माझ्या विद्यार्थिनीनं तक्त्यात तसं लिहिलं. दोन वर्षांचं ते पोर तिच्या मांडीला टेकून पाच रुपयांचं पाकीट फाडून त्यातल्या मसाल्याची बोटं चाटत होतं. नंतर मोठ्या बहिणीनं त्याला आपल्या हातातली शेंगाचटणी लावलेली भाकरीची कड दिली. तक्त्यात ना पाकीट आलं, ना कड. आई खोटं बोलत नव्हती. ताटात वाढलेलं तेवढं तिच्या लेखी खाणं. विद्यार्थिनीनं पेन उचललं आणि माझ्याकडं बघितलं. म्हटलं, दोन्ही लिही, पण वेगळ्या रकान्यात लिही. एक आईनं सांगितलेलं, एक तू बघितलेलं.

सीलच्या बाबतीत हा दुसरा रकाना भरायला माणसानं काय काय केलं आहे! पूर्वी सरळ मारायचे. शेकडो सील मारून पोटं फाडायची आणि आतलं मोजायचं. बऱ्याच देशांत तर सील मारणाऱ्याला बक्षीसही मिळायचं, कारण तो मच्छीमारांचा शत्रू. त्या पोटांमधून निघालेली माहिती आजही वापरली जाते आणि ती वापरू नये असं मी म्हणणार नाही. पण पोट म्हणजे एका क्षणाचा जबाब, आणि तोही रिकामा निघायची शक्यता मोठी. एवढ्यासाठी जीव घ्यायचा हे मला कधीच पटलं नाही.

आता जिवंत पिल्लाला जाळीत धरतात, वजन करतात, आणि मिशीचा एक केस, थोडं रक्त, कातडीखालच्या चरबीचा छोटा तुकडा घेऊन सोडून देतात. चरबीत स्निग्धाम्लं असतात. सील जे खातो त्यातली स्निग्धाम्लं फारशी न बदलता त्याच्या चरबीत साठतात, म्हणून चरबीच्या घडणीवरून गेल्या काही आठवड्यांचं जेवण ताडता येतं. सारा आयव्हरसन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली याचं गणित बसवून दिलं. मिशीचा केस मुळाकडून वाढतो, त्यामुळं टोकाकडं जुना काळ आणि मुळाशी नवा. त्याचे बारीक तुकडे करून प्रत्येकातलं नत्र तपासतात. नत्राचा एक जड प्रकार आहे, नायट्रोजन-१५. खाणाऱ्याच्या अंगात तो खाल्लेल्यापेक्षा थोडा जास्त जमतो. शेवाळापेक्षा कोळंबीत जास्त, कोळंबीपेक्षा माशात, माशापेक्षा सीलमध्ये.

आणि पिल्लात आईपेक्षाही जास्त. मी भाचीला पुन्हा विचारलं, आईपेक्षा कसं? "अगं मावशी, दूध आईच्या अंगातूनच बनतं ना? नत्राच्या हिशोबानं पिल्लू आईला खातं." आई मासे खाते, पिल्लू आईला, एक पायरी वर. त्यात पंचाईत अशी की चरबीचंही तेच. दूध पिऊन जमवलेल्या त्या थरात नोंद असते ती आईनं महिन्यांपूर्वी कुठल्या समुद्रात काय खाल्लं याची. पिल्लाच्या अंगात आईचंच जेवण लिहिलेलं. स्वतःच्या शिकारीचा पहिला घास पोटात गेल्यावर हे हळूहळू पुसलं जाऊ लागतं. मिशीत नत्राचा आकडा वर असतो तो खाली येऊ लागतो. तिथून पुढं पिल्लाचं स्वतःचं.

मधल्या उपासाचं काय, हा प्रश्न मला लगेच पडला. उपाशी शरीर स्वतःलाच जाळतं, त्यानंही हे आकडे हलू शकतात. म्हणजे उपास आणि जेवण यांच्या खुणा एकमेकींत मिसळायचा धोका आहेच. भाची म्हणाली, परीक्षेत हाच प्रश्न आला होता. मला आनंद झाला. नोकरीतून बाहेर पडल्यावर असे आनंद कमी मिळतात.

पाण्यात बुडालेलं पिल्लू मासा शोधतं कसं, यातला काही भाग मात्र स्पष्ट झालाय. जर्मनीत २००१ साली डेनहार्ट आणि सहकाऱ्यांनी हेन्री नावाच्या हार्बर सीलचे डोळे बांधले, कान झाकले, आणि पाण्यातून एक छोटी पाणबुडी सोडली. ती थांबल्यावर त्याला मोकळं केलं. पाणबुडीनं पाण्यात जी खळबळ मागं ठेवली होती तिच्यावरून, नुसत्या मिशांनी, तो तिच्या वाटेनं गेला. मिशांवर जाळी चढवली तेव्हा वाट सापडली नाही. अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलच्या डोक्यावर रँडल डेव्हिस यांच्या गटानं कॅमेरा बसवला होता, १९९९ साली ते प्रसिद्ध झालं. बर्फाच्या भेगांत लपलेल्या बारक्या माशांना हुसकायला तो सील नाकातून हवेचे बुडबुडे सोडताना दिसला. ही युक्ती पिल्लाला कोण शिकवत असेल? त्याच्या आईनं दूध पाजलं, काही सीलच्या जातींत पोहायलाही नेलं, पण शिकारीची शाळा लांडग्यांसारखी नाही. नान्नजच्या माळावर वर्षाचं लांडग्याचं पोर मोठ्यांच्या मागं पळत काळविटाचा कळप कसा फोडायचा ते बघतं, चुकतं, आणि चुकलं तरी संध्याकाळी त्याच्यापुढं कुणीतरी मांस टाकतं. सीलचं पोर चुकलं तर उपाशीच.

म्हणून पिल्लांच्या आहाराचा अभ्यास हा नुसता हौसेचा विषय राहत नाही. हवाईच्या बेटांवर मंक सील आहेत. या जातीचे जगात सगळे मिळून सोळाशेच्या आसपास. वायव्येकडच्या निर्मनुष्य बेटांवर पिल्लं जन्मायची, दूध तुटायचं, आणि त्यातली कितीतरी पहिल्या एक-दोन वर्षांत खंगून मरायची. समुद्रात मासे होते, मग पोरं उपाशी का? कॅमेरे बांधल्यावर दिसलं ते असं: सील तळाशी जातो, नाकानं दगड उलथतो, खालून ईल किंवा ऑक्टोपस निघतो, आणि मागं घोटाळत असलेले मोठे मासे, शार्कसुद्धा, तो पळवायला टपलेले असतात. मोठा सील त्यांना दाद देत नाही. पोरानं कष्ट करून दगड उलथायचा आणि घास दुसऱ्यानं न्यायचा, हे पोरांच्या वाट्याला. पुढं अशा खंगलेल्या पिल्लांना उचलून, खाऊपिऊ घालून परत सोडायला सुरुवात झाली; २०१४ साली त्यासाठी हवाईच्या मोठ्या बेटावर 'के काई ओला' नावाचं सीलचं इस्पितळच उघडलं. विष्ठेतले खडे मोजून हे कळलं नसतं. खड्यांनी खाल्लेलं सांगितलं असतं, हिसकावलेलं नाही.

मच्छीमारांचं म्हणणं वेगळं आहे आणि तेही ऐकायला हवं. सील आमचे मासे खातात, जाळी फाडतात, ही स्कॉटलंडची तक्रार ऐकताना मला वाघरीतलं भोकच दिसलं. तिथंही चाळणीला एक मर्यादा आहे. सीलच्या विष्ठेत बारक्या माशाचा खडा सापडला तर तो सीलनं खाल्लेला, की सीलनं खाल्लेल्या मोठ्या माशाच्या पोटातला? आणि मासा खुल्या समुद्रात धरलेला, की कुणाच्या जाळ्यातून ओढलेला? यावर बैठका होतात, अहवाल निघतात. ज्याचं जाळं फाटलं त्याला अहवालात रस नसतो. धनगराला तरी कुठं होता.

अलीकडं सगळा भर डीएनएवर आहे. विष्ठेचा कणभर नमुना घेतला की त्यात ज्या ज्या जिवांच्या जनुकांचे तुकडे असतील त्यांची यादी मिळते. खडा विरघळो, डोकं टाकलेलं असो, कोळंबीला कान नसो, यादीत ती येते. पिल्लांच्या कामात याचा फार उपयोग होतोय, कारण तिथं खडेच कमी. भाचीच्या बरोबरीची पोरं चाळणीला हसतात म्हणे. मी तिला विचारलं, यादीत मासा आला, पण तो केवढा होता? वीतभर की बोटभर? एक होता की वीस? ते डीएनए सांगत नाही, ती म्हणाली. मापासाठी खडाच लागतो.

मग आता दोन्ही करता का?

"चमचाभर नळीत घालून फ्रीजरमध्ये, बाकी सगळं चाळणीत," ती म्हणाली. "आणि मावशी, काकूंच्या चिलापीचे खडे फेकले नसशील तर पाठव. इथं आमच्या नमुन्यांच्या पेटीत चिलापी नाही." तिला त्याचा काडीचा उपयोग नाही, स्कॉटलंडच्या सीलला चिलापी कुठली मिळायला. तरी पाण्यातला खडा, तो चांगला राहिलेला, कापसात गुंडाळून डबीत ठेवलाय. सोबत व्हिनेगरवालाही पाठवणार आहे; दोन्हींवर वेगवेगळ्या चिठ्ठ्या लावून.